भांडं बदलल्यानं बीअर मुरत नाही

ऐरोलीहून एका मित्राचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "दादा, २० लिटर पेल एल लावली आहे. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपत जाते तशी ती उतरते) १.०५२. फ्रीजमध्ये कंट्रोलर लावून ठेवली आहे, आज सातवा दिवस. एअरलॉकचे (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेचे) बुडबुडे जवळजवळ थांबलेत, हायड्रोमीटर १.०१६ दाखवतोय. जिथे वाचावं तिथे लिहिलंय की आता बीअर सेकंडरीत, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, काढायची आणि दोन आठवडे मुरू द्यायची. त्यासाठी २३ लिटरचा काचेचा कारबॉय (अरुंद गळ्याचं मोठं भांडं) आणून ठेवलाय. उद्या रविवार आहे, काढू का? पुढे केग (दाबाखाली बीअर ठेवायचं स्टीलचं पिंप) करू की बाटल्या भरू? आणि वास थोडा पॉपकॉर्नसारखा येतोय, तो सेकंडरीत जाईल ना?"

उद्या काढू नकोस. कारबॉय धुऊन, कोरडा करून माळ्यावर ठेव. त्याला कधीतरी काम लागेल, पण या बीअरसाठी नाही. आणि तो पॉपकॉर्नचा वास सेकंडरीत जाणार नाही, उलट पक्का बसेल. का, ते सविस्तर सांगतो.

त्याआधी कायद्याचं एकदा बोलून टाकतो, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्यात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. 'विकत नाही, घरच्यापुरतंच करतो' असं म्हणून सुटका नाही. मी आधी तळोज्याच्या एका मोठ्या कारखान्यात सेलरला, म्हणजे बीअर आंबवण्या-मुरवण्याच्या विभागात, होतो, आता ट्रान्स-हार्बर लोकल धरून ठाण्याहून रोज नवी मुंबईतल्या एका ब्रूपबमध्ये (जिथे बीअर तिथेच बनवून विकतात) जातो. तिथे नवीन बीअर १,००० लिटरच्या टाकीत लावण्याआधी २० लिटरच्या घरगुती सेटवर करून बघतो. माझे २० लिटरचे सगळे प्रयोग त्या परवान्याच्या छताखालचे आहेत. तुझं तू बघ.

आता पॉपकॉर्न. तो डायसेटिल. यीस्ट वाढत असताना अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट नावाचं एक द्रव्य पेशीबाहेर टाकतं. त्याला स्वतःला चव-वास जवळजवळ नसतो. बीअरमध्ये पडल्यापडल्या ते आपोआप, हळूहळू डायसेटिल होतं, आणि मग थिएटरातल्या बटर पॉपकॉर्नचा किंवा बटरस्कॉचचा वास सुटतो. दशलक्षात ०.१ भाग इतकंसं असलं तरी नाकाला कळतं. गंमत अशी की हेच यीस्ट नंतर, साखर संपत आली की, ते डायसेटिल परत आत ओढून घेतं आणि त्याचं बिनवासाच्या पदार्थात रूपांतर करतं. म्हणजे घाण करणारा आणि झाडू मारणारा एकच. फक्त झाडू मारायला त्याला बीअरमध्ये तरंगत राहावं लागतं, थोडी ऊब लागते आणि वेळ लागतो. हिरव्या सफरचंदासारख्या वासाचं, म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइडचं, तसंच.

तू उद्या सायफन लावून वरची बीअर काढलीस तर काय होईल बघ. बरंचसं यीस्ट खालच्या साक्यात राहील. नळीतून जाताना थोडा ऑक्सिजन लागेल, आणि ऑक्सिजन लागला की अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेटचं डायसेटिल व्हायचं काम आणखी जोरात चालतं. वास वाढला आणि तो काढणारे कामगार घरी पाठवले, असा प्रकार. दोन आठवड्यांनी तू लिहिशील, "दादा, सेकंडरीत काढूनही वास आहे." काढूनही नाही, काढल्यामुळे.

माझी आई लोणचं घालायची तेव्हा बरणीला दादरा बांधून ती कोपऱ्यात सरकवायची, आणि महिनाभर त्या बरणीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. 'मुरतंय' म्हणजे त्याचं त्याला करू द्या. एका बरणीतलं दुसऱ्या बरणीत काढलं म्हणजे जास्त मुरेल, असं तिला कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला बुरशीची गोष्ट ऐकवली असती. बीअरचं मुरणंही यीस्टचं, थंडाव्याचं आणि दिवसांचं काम आहे. भांड्याचा त्यात फारसा वाटा नाही.

मग सगळीकडे सेकंडरी-सेकंडरी का लिहिलेलं असतं? याला दोन जुनी कारणं आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी खरी होती. एक म्हणजे लागर, थंडाव्यात सावकाश आंबणारी बीअर. 'लागर्न' या जर्मन शब्दाचा अर्थच साठवून ठेवणं. बव्हेरियात ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५३ मध्ये फर्मान काढलं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बीअर लावायचीच नाही, कारण उन्हाळ्यात ती नासायची. आपल्या चातुर्मासात कांदा-लसूण बंद, तसा त्यांचा उन्हाळ्यात बीअर लावण्याला मज्जाव. मग हिवाळ्याच्या शेवटी लावलेली बीअर थंड तळघरांत पिंपांमधून महिनोन् महिने राहायची. तिथे वेगळं भांडं आणि लांब साठवण याला अर्थ होता. दुसरं कारण म्हणजे सुरुवातीच्या घरगुती ब्रूअरना मिळणारं यीस्ट. कोरडं, जुनं, कधी कोणी गोदामात तापवलेलं. ते अर्धमेलं यीस्ट लवकर फुटायचं आणि बीअरला रबरासारखा, मांसाच्या रश्शासारखा वास यायचा. त्यात मोठ्या कारखान्यांचं उदाहरण समोर. तिथे उंच शंकूच्या टाकीत तळाच्या यीस्टवर कित्येक मीटर बीअरचं वजन असतं आणि तो गोळा आतल्या आत तापतो. आम्ही तळोज्याला तो गाळ वेळेवर सोडला नाही तर सुपरवायझर घसा फोडायचे. पण तुझ्या २० लिटरच्या बादलीत यीस्टवर जेमतेम फूटभर बीअर आहे. आजचं ताजं यीस्ट १८ ते २० अंशांत तीन-चार आठवडे साक्यावर बसलं तरी काही बिघडत नाही.

इथे एक 'पण' आहे आणि तो आपल्या हवेचा आहे. हे तीन-चार आठवडे फ्रीजमध्ये टेंपरेचर कंट्रोलर लावलेल्यांसाठी. फ्रीज नसेल आणि बादली बाथरूममध्ये ओलं फडकं गुंडाळून ठेवली असेल, तर ऑक्टोबरात ३० अंशांवर यीस्ट खूप लवकर थकतं. तिथे दोन आठवड्यांच्या पुढे ताणू नये. पण त्यावरही उपाय दुसरं भांडं नाही, थंडावा हाच आहे. कारबॉयच्या पैशात जुना सिंगल-डोअर फ्रीज आला असता, असं तुला म्हणणार होतो. पण तू लिहिलंयस की फ्रीज आहे, म्हणून गिळलं.

कंट्रोलरचा प्रोब कुठे ठेवलायस? नुसता हवेत लटकत असेल तर तो फ्रीजची हवा मोजतोय, बीअर नाही. जोरात आंबत असताना आतली बीअर बाहेरच्या हवेपेक्षा तीन-चार अंश सहज गरम असते. प्रोब भांड्याच्या अंगाला, बीअरच्या पातळीच्या खाली चिकटव. वरून थर्माकोलचा तळहाताएवढा तुकडा ठेवून टेप गुंडाळ. पाच मिनिटांचं काम आहे. ज्या बीअरची 'अल्कोहोलसारखी झणझणीत लागते' म्हणून तक्रार येते, त्यातल्या निम्म्यांची गोष्ट इथेच संपते.

आता ते १.०१६. एअरलॉकवर भरवसा ठेवू नकोस. झाकण किंचित सैल असलं तर आंबणं जोरात चालू असूनही बुडबुडा येत नाही. उलट लाइट गेली, फ्रीज दोन तास बंद पडला, बीअर कोमट झाली की विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि मेलेला एअरलॉक पुन्हा बोलायला लागतो. लोक म्हणतात, पुन्हा सुरू झालं! काही सुरू झालेलं नसतं.

हायड्रोमीटरवर ठेवावा भरवसा, पण तोही २० अंशांसाठी आखलेला असतो (काही जुने १५.५ चे असतात, कागद वाच). तू फ्रीजमधून नमुना काढून ओट्यावर ठेवलास, फोन आला, पंधरा-वीस मिनिटं गेली. इतका लहान नमुना आपल्या हवेत झपाट्याने कोमटतो. ३० अंशांवर वाचलंस तर आकडा ०.००२५ च्या आसपास कमी दिसतो. म्हणजे तुझं १.०१६ प्रत्यक्षात १.०१८ च्या पुढे असू शकतं. अशा पेल एलनं १.०१२ च्या आसपास थांबायला हवं. तिथे पोचली की अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के. आत्ता काम बाकी आहे. आणि नमुना जारमध्ये ओतल्यावर हायड्रोमीटर बोटांनी गरकन फिरव. त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात, नाहीतर ते त्याला तरंगवतात आणि आकडा जास्त दिसतो. दोन चुका एकमेकींच्या उलट दिशेला, म्हणून एकदा नीट मोजलेलं रीडिंग दहा अंदाजांपेक्षा बरं.

तर करायचं काय: कंट्रोलर २१-२२ अंशांवर कर. भांडं न उघडता, आतली बीअर न उसळू देता, हलकेच गोल हलव, म्हणजे तळाचं थोडं यीस्ट वर येईल. तीन दिवस हात लावू नकोस. मग रीडिंग, पुन्हा तीन दिवसांनी रीडिंग. दोन्ही सारखी आली की आंबणं संपलं. पण झाडू मारून झाला की नाही ते रीडिंग सांगत नाही. त्यासाठी नाक. दोन काचेच्या बाटल्यांत थोडीथोडी बीअर घे, तोंडाला फॉइल लाव. एक तशीच ठेव. दुसरी ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेव, मग गार पाण्यात धरून पहिलीच्या तापमानाला आण. आता दोन्हींचा वास घे. गरम केलेलीत पॉपकॉर्न आणि दुसरीत नाही, याचा अर्थ छुपं अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट अजून शिल्लक आहे. आज वास नसला तरी बाटलीत येईल. दोन दिवस थांबायचं. दोन्हींत नाही, तर पुढे जा. ब्रूपबमध्ये आमच्याकडे यंत्रं नाहीत असं नाही, तरी ही दोन बाटल्यांची चाचणी मी प्रत्येक टाकीला करतो. सर्दी झाली असेल तर वेटरला बोलावतो.

त्यानंतर फ्रीज १-२ अंशांवर. तीन दिवस. याला कोल्ड क्रॅश म्हणतात, आणि सेकंडरीत दोन आठवडे ठेवून जे निवळणं तुला हवं होतं, ते इथे तीन दिवसांत होतं. यीस्ट, प्रथिनांचा धुरकटपणा, हॉप्सचा (बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) चुरा, सगळं खाली बसून घट्ट साका होतो.

यात एक फसगत आहे. भांडं थंड व्हायला लागलं की वरचा वायू आकसतो आणि शिवाय गार बीअर आणखी वायू पिते. आत ओढ बसते आणि एअरलॉकमधलं पाणी, मागोमाग बाहेरची हवा, आत. पहिल्यांदा माझ्या पायलट बॅचला हे झालं तेव्हा सकाळी एअरलॉक कोरडा ठणठणीत. पावसाळ्याचे दिवस, फ्रीजच्या आसपास चिलटं. ती चिलटं व्हिनेगर करणारे जिवाणू अंगाखांद्यावर घेऊन फिरतात. त्या बॅचचं पुढे सॅलड ड्रेसिंग झालं, किचनवाले खूश. तेव्हापासून आंबणं ऐन जोरात असताना एअरलॉकच्या जागी नळी लावून एक मोठा फुगा भरून घेतो. क्रॅशच्या वेळी तोच फुगा लावला की भांडं हवेऐवजी स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढतं. कंजूष माणसाला शोभेल असा उपाय आहे, पण चालतो. एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी व्होडका घाल. ओढली गेली तरी नुकसान नाही.

तू विचारशील, एवढं ऑक्सिजनचं काय घेऊन बसलात. हिशेब कर. २३ लिटरच्या कारबॉयमध्ये साका सोडून तुझी बीअर जाणार १९ लिटर. वर ४ लिटर हवा. त्यात २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे ८४० मिलिलिटर, वजनाने एक ग्रॅमच्या थोडा वर. १९ लिटरमध्ये भागलास तर लिटरमागे ५५ मिलिग्रॅमहून जास्त. सगळा काही विरघळणार नाही, पण दोन आठवडे समोरासमोर बसवल्यावर बराच मुरेल. कारखान्यात बाटलीबंद करताना लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन दिसला तरी आमच्याकडे फोनाफोनी व्हायची. "वर कार्बन डायऑक्साइडची चादर बसते" हे वाक्यही तू वाचलं असशील. वायू चादरीसारखे पसरून झोपत नाहीत, मिसळतात. आणि आंबणं संपल्यावर ती चादर विणणारंही कोणी नसतं.

ऑक्सिजन लागलेली बीअर लगेच खराब लागत नाही, हीच अडचण. तीन आठवड्यांनी लागते. आधी हॉप्सचा वास विझतो, मग रंग गुळाच्या पाण्याकडे झुकतो, मग जुलैत जिन्याखाली भिजलेल्या खोक्याचा वास येतो. तोवर बनवणारा विसरलेला असतो की त्याने हवा कुठे लावली, आणि दोष माल्टला देतो.

हॉप्सवरून आठवलं. तू ड्राय हॉप करणार असशील, म्हणजे न उकळता थेट बीअरमध्ये हॉप्स टाकणार असशील, तर त्यासाठीसुद्धा सेकंडरी नको, याच भांड्यात टाक. फक्त टाकल्यावर पुन्हा रीडिंग घे. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम असतात, ती न आंबणाऱ्या शर्करा तोडून आंबणाऱ्या करतात आणि यीस्ट परत कामाला लागतं, परत डायसेटिल येतं. वरची दोन बाटल्यांची चाचणी तेव्हाही.

मग कारबॉय कशासाठी? ज्यात काही घालायचं आहे आणि ते घातल्यावर दुसरं आंबणं होणार आहे, किंवा जी बीअर महिनोन् महिने ठेवायची आहे, तिच्यासाठी. ब्रेटानोमायसिस नावाच्या रानटी यीस्टची आंबट बीअर सहा महिने, वर्षभर बसते. ती प्लास्टिकच्या बादलीत नको, कारण बादलीचं प्लास्टिक ऑक्सिजन झिरपू देतं. पाण्याच्या २० लिटरच्या जारचंही तेच, वर ओरखड्यांत जंतू. तिथे काच हवी, गळ्यापर्यंत भरलेली. कोकमाची गोझेही (आंबट-खारट जर्मन धाटणीची बीअर) मी कारबॉयमध्ये करतो. लोक म्हणतात आमसुलाला मीठ असतं. असू दे की, गोझेत मीठ घालतातच. तेवढं पाककृतीतलं कमी करायचं.

आणि आंबा. आंब्याचं जरा थांबून सांगतो, कारण यात माझी हाडं वाचली आहेत ती नशिबाने.

एका मे महिन्यात २० लिटर व्हीट बीअर कारबॉयमध्ये काढली आणि २ किलो हापूसचा रस घातला. तीन दिवस खळखळ, चौथ्या दिवशी शांत. रंग असा की बघत बसावं. मालकांना शनिवारी पाहुण्यांना द्यायची होती म्हणून घाईने बाटल्यांत भरली, नेहमीची साखर घालून. बाटल्या वापरून परत आलेल्या ६५० मिलीच्या. पाचव्या दिवशी दुपारी स्टोअरमधून आवाज आला. आम्हाला वाटलं सिलिंडर पडला. मग दुसरा, मग तिसरा. दार उघडलं तर समोरच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये काचेचा तुकडा रुतलेला होता, बोटभर आत.

हिशेब नंतर केला, आधी करायला हवा होता. हापूसच्या रसात साधारण १५ टक्के साखर धरली तर २ किलोत ३०० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे १५ ग्रॅम. बाटलीत नेहमीचा फेस यायला लिटरमागे ६ ग्रॅम पुरतात. रसातली अर्धी साखर शिल्लक होती असं धरलं तरी वरच्या ६ ग्रॅमसकट ती साडेतेरा झाली, दुपटीहून जास्त. रसाच्या गरामुळे यीस्ट खाली बसून पेंगलं होतं, आणि एअरलॉक शांत बघून मी संपलं समजलो. रीडिंग एकदाच घेतलं होतं, तेही गरासकट. डब्यातला रस असेल तर त्यात वरून साखर घातलेली असते, मग हिशेब आणखी वर जातो. ताज्या आंब्याच्या सालीवर रानटी यीस्ट असतं. रस काढून गरम करून घे, नाहीतर निदान धुऊन, सोलून, गोठवून घे. आणि फळ घातल्यावर कमीत कमी दोन आठवडे, दोन सारखी रीडिंग, मगच पुढचं.

उरलेल्या बाटल्यांवर आम्ही ओली गोणपाटं टाकली, क्रेट तसेच उचलून वॉक-इन कूलरमध्ये नेले आणि दोन दिवसांनी चामड्याचे हातमोजे आणि वेल्डिंगचा मुखवटा घालून बुचं उघडली. मालकांचे पाहुणे पिल्सनर पिऊन गेले.

कधी खरंच काढायची वेळ आली तर कशी काढायची तेही सांगतो. भांडं आदल्या रात्रीच ओट्यावर चढवून ठेव, दोघांनी मिळून. २० किलो एकट्याने उचललंस तर साका हलेल नाहीतर कंबर. काचेचा कारबॉय ओल्या हाताने कधीच नाही. दुधाच्या क्रेटमध्ये बसवून क्रेट धर. नळी, केन (सायफनची कडक नळी), भांडं, सगळं सॅनिटायझरने न्हाऊ घाल. डेअरीवाले वापरतात ते आयोडोफोर १२.५ पीपीएमला (दशलक्षात १२.५ भाग) पातळ केलं की पुरतं. सायफन तोंडाने ओढू नकोस, कितीही चूळ भरलेली असली तरी. नळीचं टोक खालच्या भांड्याच्या तळाला टेकलेलं हवं. बीअर निघताना आवाज येता कामा नये; खळखळ ऐकू आली की हवा लागते आहे. शेवटचा अर्धा लिटर साक्याजवळचा असतो, त्याचा मोह सोड.

आता केग की बाटल्या. तुझ्याकडे सोय असेल तर डोळे मिटून केग, आणि त्यात गंमत अशी की १९ लिटरचा केग हीच तुझी खरी सेकंडरी. तो सॅनिटायझरने काठोकाठ भर, झाकण लाव, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने सगळं बाहेर ढकल. आत हवेचा मागमूस उरत नाही. मग बीअर खालच्या नळीतून आत सोड. ४ अंशांवर १०-१२ पीएसआय दाब ठेवलास की आठवडा-दहा दिवसांत फेस जमतो, आणि त्याच वेळी ती मुरतेही. पहिला ग्लास गढूळ येईल, टाकून दे. पुढे लागर करायची हौस आली तर १० ते १२ अंशांत आंबवून, शेवटी दोन-तीन दिवस १६-१८ वर ठेवून, केगमध्येच ०-२ अंशांवर चार-सहा आठवडे झोपव. बव्हेरियातलं तळघर फ्रीजमध्ये आलं.

सिलिंडरबद्दल दोन सूचना. गॅस फूड-ग्रेडच घे. आग विझवण्याचे सिलिंडर भरून देणाऱ्याकडून स्वस्तात मिळतो म्हणून आणू नकोस, त्यात तेल-कचरा काय आहे सांगता येत नाही. दुसरं, ५ किलोचा सिलिंडर बंद खोलीत गळला तर पावणेतीन घनमीटर वायू होतो. तुझी १० बाय १०ची खोली असेल तर तिच्या हवेत तो दहा टक्क्यांच्या वर गेला, आणि तेवढ्यात माणूस बेशुद्ध पडतो. ज्या खोलीत झोपता तिथे केगचा फ्रीज ठेवू नका. साबणाच्या पाण्याने जोड तपासायला मिनिट लागत नाही.

बाटल्याच भरायच्या असतील तर साखरेच्या हिशेबात एक नेहमीची चूक होते. कॅल्क्युलेटर तापमान विचारतो आणि लोक फ्रीजचे २ अंश टाकतात, कारण बीअर आत्ता तेवढी गार आहे. त्याला आत्ताचं तापमान नको असतं. आंबणं संपल्यावर बीअर सगळ्यात जास्त किती तापली होती ते हवं असतं, कारण वायू तेव्हाच निघून गेला. तुझ्या बाबतीत २२. तेवढ्यावर बीअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण ०.८ पट वायू उरतो, पेल एलला हवा २.४ पट. फरक भरायला लिटरमागे ६ ग्रॅम साधी साखर, १८ लिटरला ११० ग्रॅमच्या आसपास. २ अंश टाकलेस तर निम्मी सांगेल आणि बीअर मिळमिळीत होईल. साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून, भरण्याच्या भांड्यात आधी घाल आणि बीअर तिच्यावर सोड. चमच्याने बाटलीबाटलीत घालू नकोस. क्रॅश केल्यावरही यीस्ट पुरेसं उरतं, चिंता नको. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत फेस धरतो, पण सातव्या दिवशी एक गार करून उघडून बघच. क्रेट झाकून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब.

निवळण्याची फारच घाई असेल तर जिलेटिन. दोन-तीन ग्रॅम, ६५-७० अंशांच्या अर्ध्या कप पाण्यात विरघळवून, बीअर १० अंशांच्या खाली असताना. आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, तशीच काहीशी ही करामत: जिलेटिनवर धन भार, यीस्टवर ऋण, दोघं मिळून जड होऊन खाली. (तुरटी नको घालूस, आधीच सांगतो.) पण जिलेटिन जनावराचं असतं, हे घरात कोणी शाकाहारी पिणारं असेल तर सांगून टाक. आयझिंग्लास तर माशाच्या पोटातला फुगा. घोळ मासा सापडला की कोळीवाड्यात त्याच्या ज्या फुग्यासाठी बोली लागते, त्याच जातीची वस्तू. इंग्रजांनी ती पिढ्यान् पिढ्या पिंपांत घातली. मी स्वतः काहीच घालत नाही. उकळताना शेवटच्या दहा मिनिटांत थोडं आयरिश मॉस टाकतो, ते समुद्रशेवाळ, आणि बाकी थंडी बघून घेते.

तर उद्या रविवारी फक्त कंट्रोलर २२ वर कर आणि थर्माकोलचा तुकडा लाव. बुधवारी रीडिंग, शनिवारी रीडिंग, नमुना २० अंशांना आणूनच. दोन्ही आकडे पाठव, आणि शनिवारी ती दोन बाटल्यांची चाचणी करून वास कसा येतोय तेही कळव. वहिनींना पण हुंगायला दे. पॉपकॉर्न नवशिक्याला लवकर कळतो, बनवणाऱ्याचं नाक आपल्याच बीअरला सवकलेलं असतं.